आधी माप, मग टाके

वाचक भगिनीचे पत्र : सप्रेम नमस्कार. लग्नाआधीपासून मी दोन सुयांवर विणत आले आहे आणि घरातल्या प्रत्येकासाठी काही ना काही विणले आहे. परवा कपाट आवरताना मुलासाठी विणलेला स्वेटर घडीसकट तसाच सापडला. तो त्याने दोनदाही घातला नसावा. नातीसाठी विणलेला शुद्ध लोकरीचा स्वेटर सुनेने वॉशिंग मशीनमध्ये धुतला आणि तो बाहुलीला होईल एवढा झाला. तिने माफी मागितली, तरी मला अजून वाईट वाटते. दुसरीकडे ओळखीच्या तिघीचौघी आणि एक कॉलेजात जाणारा मुलगा ‘आम्हाला शिकवा’ म्हणून मागे लागले आहेत. एकीला शिकवायला सुरुवात केली, तर ती दोनदा येऊन यायची थांबली. दुसरी डावखुरी आहे. तिला कसे दाखवावे तेच कळत नाही. माझ्याकडे कसलेही प्रमाणपत्र नाही. वर्ग काढावा का, पैसे घ्यावेत का, आणि मुळात घरच्यांनाच नकोशी झालेली कला मी इतरांना कोणत्या तोंडाने शिकवू? नात सात वर्षांची आहे आणि सारखी सुया मागते. तिला द्याव्यात का?

उत्तर :

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रातला सगळ्यांत जड प्रश्न अधिकाराचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देते. शिकवण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि मुलाच्या कपाटातला स्वेटर त्या अधिकाराच्या आड येत नाही. न घातलेल्या स्वेटरवरून विणणारीचा हात कसा आहे हे ठरत नाही. तो अंगाला टोचत असेल, काखेत ओढत असेल, जड होत असेल किंवा मुलाला तो रंग आवडत नसेल. यांपैकी कोणत्याही कारणाचा तुमच्या कौशल्याशी किंवा त्याच्या मनातल्या तुमच्या स्थानाशी संबंध नाही. मात्र ही सगळी कारणे विणायला घेण्यापूर्वी विचारून कळण्यासारखी होती, आणि मला वाटते तुमच्या दोन्ही अडचणींचे मूळ तिथेच आहे. घरच्यांसाठी विणताना आणि शेजारणीला शिकवताना समोरच्याचे माप घेण्याआधीच आपण टाके घालून मोकळे होतो.

सुनेच्या बाबतीत मात्र तुम्हाला स्पष्ट सांगते की तिची चूक नाही. मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की हे खवले एकमेकांत अडकतात, तंतू जवळ ओढले जातात आणि कापड आटून दाट होते. एकदा ते तसे झाले की ओढून, भिजवून किंवा वाफ देऊन पूर्ववत होत नाही. ज्या लोकरीवर खवले बोथट करण्याची किंवा त्यांवर लेप देण्याची प्रक्रिया केलेली असते, तिच्या गुंड्यावर ‘सुपरवॉश’ असे लिहिलेले असते आणि ती मशीनच्या हलक्या फेऱ्यात सहसा टिकते. लहान मुलांचे कपडे रोज धुवावे लागतात, ते बहुधा रात्री उशिरा, थकलेल्या माणसाला धुवावे लागतात, आणि त्या माणसाने प्रत्येक वेळी लोकरीची जात आठवावी ही अपेक्षा रास्त नाही. म्हणून लहान मुलांसाठी सुपरवॉश लोकर, सूत किंवा चांगल्या प्रतीचे मिश्र धागेच निवडावेत आणि शुद्ध, प्रक्रिया न केलेली लोकर मोठ्यांच्या शालींसाठी ठेवावी. दर वेळी विणलेल्या वस्तूसोबत गुंड्यावरची कागदी पट्टी द्या आणि धुण्याच्या सूचना दोन ओळींत स्वतःच्या हाताने लिहून त्या पट्टीला जोडा. ॲक्रिलिक असेल तर ‘इस्त्री करू नये’ हे आवर्जून लिहा, कारण उष्णतेने त्याचा धागा नरम पडतो आणि वीण कायमची लोंबकळते.

आटलेला स्वेटर फेकून देऊ नका. तो उसवता येणार नाही, पण त्याच कारणाने तो कात्रीने कापला तरी त्याचे टाके सुटणार नाहीत. त्यातून बाहुलीचे कपडे, चष्म्याचे घर किंवा हातमोजे चांगले होतात, आणि हे काम सुनेला सोबत घेऊन केलेत तर तिच्या मनातले ओझे कोणत्याही समजुतीच्या शब्दांपेक्षा लवकर उतरेल.

आता मुलाविषयी. तुमचे दुःख कशाचे आहे ते मी समजू शकते. छातीशी १०० सेंटिमीटर घेर असलेला स्वेटर मध्यम जाडीच्या लोकरीने, म्हणजे १० सेंटिमीटरला २२ टाके आणि २८ ओळी बसतील अशा प्रमाणात विणला, तर एका फेरीत २२० टाके होतात. साठ सेंटिमीटर लांबीसाठी १६८ ओळी लागतात, म्हणजे बाह्या सोडून नुसत्या अंगाचे सुमारे सदतीस हजार टाके झाले. मिनिटाला तीस टाके पडले तरी त्याला वीस तासांहून अधिक वेळ लागतो, आणि बाह्या, गळा, शिवण यांचा वेळ वेगळाच. हे सदतीस हजार टाके तुम्हाला प्रत्येक घडीत दिसतात. मुलाला तिथे एक स्वेटर दिसतो. त्याला ते दिसावेत असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु ती मोजणी त्याला ऐकवू नका. ऐकवलीत तर तो स्वेटर घालील, पण तुमच्यासमोर आणि तुमच्यासाठी घालील, आणि थंडी वाजल्यावर कपाटातला दुसराच काढील.

त्याऐवजी त्याला एकदा, मोकळेपणाने आणि तक्रारीचा सूर न लावता, त्या स्वेटरमध्ये नेमके काय अडते ते विचारा. टोचत असेल तर ते त्याचे नखरे नव्हेत. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोके त्वचेत वाकत नाहीत, टोचतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मेरिनो मेंढीची लोकर बहुधा २४ मायक्रॉनच्या आत असते आणि म्हणून ती मऊ लागते. बोटांना मऊ वाटणारी लोकर मानेला टोचू शकते, त्यामुळे लोकर निवडताना ती मानेवर किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा वेळ धरून पाहणे हाच खरा उपाय आहे, आणि ज्याच्यासाठी विणायचे त्याच्याच मानेवर धरून पाहिली तर उत्तम.

मापाची अडचण असेल तर पुढच्या वेळी अंगाचे माप घेण्याआधी त्याच्या आवडत्या, रोज वापरातल्या स्वेटरचे माप घ्या. तो जमिनीवर सपाट पसरून छाती, लांबी, बाहीची लांबी आणि मनगटाचा घेर लिहून ठेवा. कुणाला अंगाबरोबर बसणारा कपडा आवडतो, कुणाला सैल. छातीच्या मापापेक्षा किती सेंटिमीटर अधिक ठेवायचे हे पुस्तकातून ठरत नाही, त्या माणसाच्या सवयीवरून ठरते. मग त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर, प्रत्येक बाजूला निदान १५ सेंटिमीटर असा चौकोन विणा, स्वेटर ज्या रीतीने धुतला जाणार त्याच रीतीने तो धुवा, वाळवा आणि मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजा. अनुभवी विणणाऱ्या बायका हा चौकोन टाळतात, कारण त्यांना आपल्या हाताचा भरवसा असतो. पण २२ टाक्यांच्या हिशेबाने घातलेले २२० टाके जर प्रत्यक्षात १० सेंटिमीटरला २० या प्रमाणात पडले, तर १०० सेंटिमीटरचा स्वेटर ११० सेंटिमीटरचा होतो. दहा सेंटिमीटरमध्ये दोन टाक्यांचा फरक डोळ्यांना जाणवतही नाही.

एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या विणकाम शिक्षिकेने हा हिशेब फार सोपा करून ठेवला आहे. छातीच्या घेराला लागणारे टाके हे शंभर टक्के धरायचे आणि बाकी सगळी मापे त्याच्या टक्क्यांत काढायची : मनगटाशी सुमारे २० टक्के, दंडाशी सुमारे ३३ टक्के, गळ्याशी सुमारे ४० टक्के. म्हणजे अंगाचे २०० टाके असतील तर मनगटाशी ४०, दंडाशी ६६ आणि गळ्याशी ८० टाके. दंड भरीव असेल तर टक्का थोडा वाढवायचा. पद्धत साधी आहे, आणि तिच्यामुळे विणणारी बाई छापील नमुन्यावर अवलंबून न राहता समोरच्या अंगावरून स्वेटर ठरवू शकते. वर्ग घेताना पुढे कधीतरी ही पद्धत तुम्हालाही उपयोगी पडेल.

मुलाने सांगितले की हा स्वेटर मला नकोच, तर त्याची परवानगी घेऊन तो उसवा. शिवणी सोडवा, शेवटी बंद केलेल्या टोकापासून उसवत लोकरीची लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि सावलीत लटकवून वाळवा. धाग्यातले वळसे बरेचसे निघून जातात. त्या लोकरीचे पुढे काय करायचे ते लगेच ठरवू नका. आणि यापुढे घरात कुणालाही काही विणून दिलेत की ते कुठे आहे, किती वेळा घातले, याची चौकशी करू नका. दिलेली वस्तू त्याची झाली. हे कठीण आहे हे मला माहीत आहे, तरी घरातल्या माणसांना तुमच्या विणकामाची धास्ती वाटू नये असे वाटत असेल तर ते करावेच लागेल.

नातीसाठी विणताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. मुलांची लांबी रुंदीपेक्षा लवकर वाढते, म्हणून स्वेटर गळ्यापासून खाली विणत नेला तर पुढच्या वर्षी बाहीची आणि अंगाची खालची कड उसवून लांबी वाढवता येते. त्यासाठी त्याच लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा, एक गुंडा राखून ठेवा, कारण दुसऱ्या लॉटचा रंग बहुतेक वेळा किंचित वेगळा निघतो. घरात पुढेमागे तान्हे बाळ आले तर गळ्याशी बांधायचे गोंडे आणि दोऱ्या लावू नका, जाळीची वीण टाळा, कारण तिच्यात बोटे अडकतात, आणि बटणे लावलीत तर ती जोर लावून ओढून पाहा. झोपलेल्या बाळाला टोपी घालू नये, हे टोपी देतानाच सांगावे.

आता वर्गाकडे येते. प्रमाणपत्राची चिंता सोडा. शिकवणाऱ्या बाईकडे दोन गोष्टी हव्यात : सुईवरचे टाके पाहून काय झाले आहे ते वाचता आले पाहिजे, आणि बिघडलेले काम न घाबरता दुरुस्त करता आले पाहिजे. तुम्हाला या दोन्ही येतात, फक्त त्या तुमच्या बोटांना येतात. शब्दांत अजून यायच्या आहेत. वर्ग सुरू करण्याआधी काही दिवस रोज थोडा वेळ अतिशय सावकाश विणा आणि प्रत्येक हालचाल मोठ्याने बोलत राहा : सुई डावीकडून उजवीकडे टाक्यात घातली, धागा मागे आहे, तो सुईवरून घेतला, टाक्यातून पुढे ओढला, जुना टाका डाव्या सुईवरून सोडला. आपण कित्येक वर्षांत न पाहिलेल्या आपल्याच हालचाली यात दिसू लागतात, आणि शिकणाऱ्याला नेमके कोणते वाक्य हवे आहे ते कळते.

जी दोनदा येऊन यायची थांबली तिच्याबद्दल तुम्ही अधिक लिहिलेले नाही, पण असे बहुधा दोन कारणांनी होते. पहिले कारण असे की आपण पहिल्याच दिवशी टाके घालायला शिकवतो. टाके घालणे ही विणकामातली पहिली पायरी खरी, पण सोपी पायरी नव्हे. पहिल्या ओळीत धरायला कापडच नसते, टाके सुईभोवती फिरतात, घट्ट होतात, आणि नवखी बाई तासाभरात स्वतःला बिनहाताची समजू लागते. त्याऐवजी तुम्ही आधीच वीस टाके घालून चार-पाच ओळी विणून ठेवा आणि ते तयार कापड तिच्या हाती द्या. पहिल्या दिवशी फक्त सुलट टाका शिकवा, म्हणजे धागा मागे ठेवून विणायचा साधा टाका. दोन्ही बाजूंनी सुलट विणत गेले की जी उंचसखल, लवचीक वीण तयार होते ती कडांना गुंडाळत नाही, सपाट राहते आणि शिकणाऱ्याला पाऊण तासात ‘कापड झाले’ असे समाधान देते. धागा पुढे ठेवून विणायचा उलट टाका दुसऱ्या भेटीत, टाके बंद करणे तिसऱ्या भेटीत, आणि टाके घालणे त्यानंतर शिकवले तरी काहीही बिघडत नाही.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. शिकणारीचे चुकले की तिच्या हातातून सुया घेऊन आपण झटकन दुरुस्त करून देतो. आपल्याला ती मदत वाटते, तिला मात्र ‘तुला जमणार नाही’ असा निकाल वाटतो. वर्गात तुमच्या हातात तुमचा स्वतःचा नमुना असू द्या. चूक झाली की तीच चूक तुम्ही तुमच्या नमुन्यात मुद्दाम करा, दुरुस्त करून दाखवा, आणि मग तिला तिच्या सुयांवर ती करू द्या. वेळ लागेल. लागू द्या. निसटलेला टाका खाली ओळीओळीने उतरला की शिकणाऱ्यांचा चेहरा पांढरा पडतो. तेव्हा क्रोशाच्या सुईने एकेक आडवा धागा त्या टाक्यातून ओढून शिडी चढल्यासारखे वर कसे यायचे हे दुसऱ्याच भेटीत शिकवून टाकावे. माझ्या मते हे एक कौशल्य दहा नक्षीदार विणींपेक्षा मोलाचे आहे, कारण ज्याला चूक सुधारता येते तो विणकाम सोडत नाही. त्या बाईंना एकदा फोन करा, तयार नमुना ठेवला आहे असे सांगा आणि पुन्हा बोलवा. नाही आल्या तर आग्रह नको.

साहित्य काय आणायचे ते तुम्हीच सांगा, ते विद्यार्थ्यांवर सोपवू नका. शिकणारी माणसे हौसेने काळी, केसाळ किंवा रंग बदलणारी लोकर घेऊन येतात आणि तीत टाके दिसतच नाहीत. फिकट एकरंगी, गुळगुळीत, मध्यम ते थोडी जाड लोकर आणि साडेचार ते पाच मिलिमीटरच्या बांबूच्या किंवा लाकडी सुया हव्यात. धातूच्या सुया वेगाला चांगल्या, परंतु त्यांवरून नवख्यांचे टाके घसरतात.

पहिली वस्तू म्हणून मफलर देण्याचा प्रघात मला पटत नाही. मफलर सोपा असतो, पण तो संपत नाही. दीड मीटर एकच वीण करता करता शिकणाऱ्याचा उत्साह मध्यावर ओसरतो आणि त्याबरोबर वर्गही सुटतो. वीतभर रुंद चौकोन, कपाळपट्टी किंवा मनगटपट्टी असे काही द्या, जे दोन-तीन भेटींत पूर्ण होईल, बंद होईल आणि घरी नेता येईल. त्यानंतर टोपी. प्रौढ माणसाच्या डोक्याचा घेर साधारण ५५ ते ५७ सेंटिमीटर असतो आणि टोपी त्याहून चार-पाच सेंटिमीटर कमी घेराची विणली तर ती नीट बसते, एवढ्या एका हिशेबात मापाचा सगळा धडा येऊन जातो.

चुका कोणत्या येतील तेही आधी सांगून ठेवते. वीस टाक्यांचे तेवीस होतील. पुष्कळदा याचे कारण ओळीच्या सुरुवातीला असते : धागा सुईवरून मागे टाकला की पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर ओढले जातात, एकाच टाक्याचे दोन दिसतात आणि शिकणारी ते दोन्ही विणते. प्रत्येक ओळीच्या शेवटी टाके मोजायची सवय लावली तर चूक एका ओळीत सापडते. काहींचे टाके इतके घट्ट होतात की सुई आत जात नाही. अशा माणसाला ‘सैल विणा’ असे सांगून काहीच होत नाही, कारण ते मुद्दाम घट्ट विणत नसतात. त्यांचे टाके बहुधा सुईच्या निमुळत्या टोकावर तयार होत असतात. ते सुईच्या पूर्ण जाडीवर आणून मग सोडायला सांगा, आणि खांदे कानांपर्यंत चढले आहेत का तेही बघा. दर अर्ध्या तासाने सगळ्यांना सुया खाली ठेवून मनगटे आणि मान मोकळी करायला लावा. बोटांत किंवा मनगटात दुखू लागले तर त्या दिवशीचे विणकाम तिथेच थांबवायचे, हा नियम स्वतःलाही लावा.

डावखुऱ्या मैत्रिणीबद्दल घाई करू नका. विणकामात दोन्ही हात सारखेच गुंतलेले असतात, त्यामुळे अनेक डावखुरी माणसे नेहमीच्या पद्धतीनेच उत्तम विणतात. तिला आधी धागा डाव्या हातात धरून विणण्याची रीत दाखवा. युरोप खंडात ती बऱ्याच ठिकाणी रूढ आहे, तीत धागा सुईभोवती फेकावा लागत नाही, सुईच्या टोकाने उचलला जातो, आणि डाव्या हाताला बरेच काम मिळते. तेही जमले नाही तर मग सगळे आरशातल्यासारखे उलटे शिकवा. त्यासाठी तिच्या शेजारी न बसता समोर बसा, म्हणजे तुमचे हात तिला आरशाप्रमाणे दिसतील. मात्र असे विणणाऱ्याला पुढे आलेखावरची नक्षी उलट्या दिशेने वाचावी लागते आणि टाके कमी करताना त्यांचा कल विरुद्ध बाजूला पडतो, याची कल्पना तिला सुरुवातीलाच द्या. बाकीच्यांनी धागा उजव्या हातात धरावा की डाव्या, यावर वाद घालू नका. ज्या हाताला जे सोसते ते बरोबर.

कॉलेजातल्या मुलाला अवश्य घ्या, आणि त्याच्यासाठी वेगळी चर्चा किंवा वेगळे कौतुक करू नका. पेरू देशातल्या टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचे बेट आहे. तिथे विणकाम पुरुष करतात, मुलगे लहानपणीच सुया हाती घेतात, आणि तिथल्या वस्त्रकलेचा युनेस्कोने २००८ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला आहे. कुणी त्या मुलाला काही बोललेच तर एवढे सांगायला हरकत नाही.

सुरुवातीला चार ते सहा जणांपेक्षा अधिक घेऊ नका. एकाचा टाका निसटला की त्याच्याजवळ पाच-सात मिनिटे जातात. आठ जण असतील तर तेवढ्यात दुसऱ्या तिघांचे काम अडलेले असते. दीड तासाची एक भेट, आठवड्यातून एकदा, अशा सहा भेटी ठरवा आणि सहाव्या भेटीला वर्ग संपेल हे आधीच जाहीर करा. अखंड चालणाऱ्या वर्गात कुणी केव्हाही येते, केव्हाही जाते, आणि तुम्हाला दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पैसे घ्यावेत. यात संकोचाचे काही कारण नाही. तुमचा वेळ फक्त दीड तासाचा नसतो, आधी नमुने विणून ठेवावे लागतात, नंतर घरून आलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. हा सगळा वेळ धरून सहाही भेटींचे मिळून एक शुल्क ठरवा, ते आधी घ्या, आणि लोकर-सुयांचा खर्च त्यातून वेगळा दाखवा. शुल्क घेतले की शिकणारेही वेळेवर येतात असे मी वारंवार पाहिले आहे. ज्यांच्याकडून घेणे तुम्हाला खरोखरच अवघड वाटते त्यांना एखादी भेट मोफत द्या, पण अर्धे पैसे, नंतर बघू, तुमच्या मनाला येईल ते द्या, असले व्यवहार करू नका. त्यांतून मैत्रीत अढी येते. आणखी एक. विकत घेतलेल्या नमुन्यांच्या प्रती काढून वर्गात वाटू नका, कारण तो नमुना लिहिणाऱ्याचा हक्क असतो. वीण किंवा टाका कुणाच्या मालकीचा नसतो, त्यामुळे तुमच्या चौकोनाची आणि टोपीची कृती तुम्ही स्वतःच्या शब्दांत लिहून देऊ शकता, आणि तेच अधिक उपयोगी पडते.

वर्ग सुरू झाला की ‘मला एक स्वेटर विणून द्या’ अशा मागण्या येतील. त्या वर्गाच्या वेळेत स्वीकारू नका, आणि शक्यतो पहिले वर्षभर मुळीच स्वीकारू नका. वर दिलेला सदतीस हजार टाक्यांचा हिशेब इथे मात्र उघडपणे सांगा; ऑर्डर देणाऱ्या माणसाला तो कळलाच पाहिजे.

राहिली नात. तिला सुया द्या, परंतु मोठ्यांच्या वर्गात बसवू नका, कारण तिथे तुमचे लक्ष वाटले जाईल आणि ते तिला लगेच कळेल. सुरुवातीला सुयांशिवाय, नुसत्या बोटांवर जाड लोकरीची साखळी विणायला शिकवा. तिला टाका म्हणजे काय ते त्यातून समजेल. मग आखूड, जाड, बोथट टोकांच्या लाकडी सुया आणि दहा-बारा टाके. एका वेळी पंधरा मिनिटे पुरेत. तिने त्याआधी सोडले तर सोडू द्या, दुसऱ्या दिवशी ती स्वतः मागत येईल किंवा येणार नाही. काय विणायचे ते तिला ठरवू द्या, रंग तिचा असू द्या, आणि मुलाच्या उसवलेल्या स्वेटरची लोकर तिला आवडली तर तीच द्या. तिच्या पट्टीतले भोक तिच्या लक्षात आले नसेल तर तुम्ही दाखवू नका. तिने विचारले, तर मात्र क्रोशाची सुई घेऊन ते कसे भरायचे ते त्याच क्षणी शिकवा.